रिकामे भांडे परत जात नसे

रमजानचे शेवटचे दहा दिवस लागले की फुलंब्रीहून शहराकडे जाणाऱ्या गाड्या भरून जातात. चौका घाट उतरायचा, सावंगी आणि हर्सूल मागे टाकायचे आणि दिल्ली गेटच्या बाजूने जुन्या शहरात शिरायचे. मुलांचे कपडे, बांगड्या, चपला, अत्तर, शेवया, सुका मेवा अशी यादी हातात असते. शहागंज, सिटी चौक आणि गुलमंडीच्या गर्दीत ती पुरी होते. या खरेदीला आलेल्यांमध्ये लग्न होऊन फुलंब्रीत गेलेली, पण माहेर जुन्या शहरातले असलेली एखादी बाई असतेच. एखाद्या गल्लीच्या तोंडाशी तिची पावले थांबतात. ‘इथे आमचे घर होते’, असे ती मुलांना सांगते. तिथे आता तीन मजली इमारत असते आणि खाली मोबाइलचे दुकान. मुले ‘हो का’ म्हणतात आणि पुढे चालू लागतात.

जुन्या मोहल्ल्याच्या अशा आठवणी दर रमजानात निघतात. बुढीलेन, लोटा कारंजा, जुना बाजार, नवाबपुरा, राजाबाजार, चेलीपुरा ही नावे घेतली की माणसांचे चेहरे खुलतात. सगळ्यांच्या आठवणींत गोष्टीही बहुतेक त्याच असतात. दाराबाहेरचा ओटा, सहरीला उठवत फिरणारा माणूस, मगरीबच्या अजानकडे लागलेले कान, नान-खलियाचा वास आणि एका घरातून दुसऱ्या घरात जाणारे झाकलेले ताट. यातला बराचसा भाग बालपणाचा असतो आणि बालपण सगळ्यांनाच गोड वाटते. तरीही सगळे गोडवे बालपणाच्या खात्यावर टाकून मोकळे होता येणार नाही. त्या मोहल्ल्यांत काहीतरी खरोखर होते. ते काय होते, ते कशामुळे होते आणि ते का उरले नाही, हे विचारले तरच या आठवणींचा आजच्या मुलांना काही उपयोग आहे.

पाण्याची नावे असलेल्या गल्ल्या

हे शहर मुळात मिसळीतूनच उभे राहिले. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी या गावी आपली राजधानी वसवली. मलिक अंबर मूळचा हबशी, गुलाम म्हणून विकला गेलेला, पुढे निजामशाहीचा वजीर झालेला. त्याच्या सैन्यात आणि कारभारात मराठे सरदार होते. १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून पुन्हा इकडे आला आणि शहराला त्याचे नाव मिळाले. मुघल फौजेबरोबर राजपूत सरदार आले आणि त्यांच्या छावण्यांची पुरे झाली. कर्णपुरा, जयसिंगपुरा, जसवंतपुरा, पहाडसिंगपुरा ही नावे आजही रिक्षावाल्यांच्या तोंडी आहेत. कर्णपुऱ्यात नवरात्रात देवीची मोठी यात्रा भरते. राजाबाजारात शहराचे ग्रामदैवत संस्थान गणपती आहे आणि तिथून थोडे चालले की शहागंजची मशीद लागते. कुणी मुद्दाम सलोख्याचा आराखडा आखून ही रचना केली नव्हती. माणसे कामासाठी आली, शेजारी-शेजारी राहिली आणि राहता राहता त्यांची ओळख झाली.

लोटा कारंजा, मोती कारंजा ही मोहल्ल्यांची नावेही ऐकण्यासारखी आहेत. कारंजे म्हणजे पाणी. मलिक अंबरच्या काळात शहराच्या उत्तरेकडच्या डोंगरांतून जमिनीखालून पाणी आणले गेले, तीच नहर-ए-अंबरी. पंप नाही, वीज नाही. उताराच्या जोरावर खापरी नळांतून पाणी हौदांत आणि कारंजांत पोहोचत असे. पुढे अठराव्या शतकात अशाच पाण्यावर पाणचक्की फिरली. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातल्या त्या चक्कीवर तिथे येणाऱ्या फकीर-प्रवाशांसाठी धान्य दळले जाई. हौदावर पाणी भरायला येणाऱ्या माणसाला दुसऱ्याची ओळख टाळता येत नाही. पाळी लावावी लागते, घागर उचलायला हात मागावा लागतो, भांडावे लागते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच यावे लागते. मोहल्ल्यातला शेजारधर्म अशा रोजच्या गरजेतून आला. त्याला नंतर कुणीतरी ‘गंगा-जमनी तहजीब’ असे भारदस्त नाव दिले. मोहल्ल्यात राहणाऱ्यांनी तो शब्द क्वचितच वापरला असेल. त्यांना फक्त कोणाच्या घरी आज काय शिजले आहे, हे माहीत असे.

घरांची बांधणीही याला साथ देणारी होती. मातीच्या जाड भिंती, मधे अंगण, पुढे देवडी आणि रस्त्याला लागून ओटा. ओटा हा घराचाही होता आणि गल्लीचाही. तिथे कुणाला बसायचे तर घरमालकाची परवानगी मागावी लागत नसे. पुरुष ओट्यावर, तर बायका मागच्या दारी किंवा दोन घरांच्या भिंतीतल्या खिडकीशी. मुलांना कुठेच बंदी नव्हती. ‘खाला’, ‘चाची’, ‘मावशी’, ‘काकू’ ही नाती रक्ताची आहेत की गल्लीची, हे मुलांना मोठे होईपर्यंत नीट कळत नसे. चूक केली तर कानाखाली देण्याचा हक्क या सगळ्यांना होता आणि आईकडे तक्रार केली तर तिच्याकडूनही एक मिळे.

हिस्सा

रमजानात या सगळ्याला एक ठरलेली वेळ मिळे. असरची नमाज झाली की घराघरांत भजी, गुलगुले, दहीवडे, चिरलेली फळे आणि खजूर यांची ताटे लागत. पहिले ताट मशिदीत जाई, जेणेकरून वाटसरूलाही रोजा सोडता यावा. नंतर शेजाऱ्यांचे वाटे निघत. दखनी उर्दूत याला ‘हिस्सा’ म्हणतात. विणलेल्या रुमालाने झाकलेले ताट घेऊन मुले धावत सुटत, कारण अजान व्हायच्या आत परत यायचे असे.

या मुलांना बरेच काही ठाऊक असावे लागे. अमक्या घरी आज एकादशी आहे, तिथे फक्त केळी आणि खजूर. तमक्या घरी कांदा-लसूण चालत नाही, तिथे भजी न्यायची नाहीत. एखाद्या घरी मुसलमानाच्या हातचे शिजवलेले खात नसत. तिथे ईदेला दूध, साखर, शेवया आणि सुका मेवा असा कोरडा शिधा जाई आणि त्या घरची आजी स्वतःच्या चुलीवर शीरखुर्मा करून सगळ्यांना वाढे. आजच्या डोळ्यांना यात भेदभाव दिसेल आणि तो होताच. पण ज्या घराने अट घातली त्या घराला कुणी यादीतून वगळले नाही आणि ज्याला अट घातली त्याने शिधा पाठवणे थांबवले नाही. मुलांना घरोघरचे हे नियम न शिकवता पाठ होत. दुसऱ्याच्या घराचे नियम जाणून त्याला आनंदात सामील करणे, हे शिक्षण कुठल्याही नागरिकशास्त्राच्या पुस्तकात इतके चांगले दिलेले नाही.

या देवाणघेवाणीचा एक नियम मात्र कुठल्याच घराने मोडला नाही. आलेले भांडे रिकामे परत पाठवायचे नाही. घरात काहीच नसेल तर चिमूटभर साखर, गुळाचा खडा, चार शेंगदाणे. पण भांड्याच्या तळाला काहीतरी हवे. हा नियम मुसलमान घरांत होता, हिंदू घरांत होता, जैन आणि शीख घरांतही होता. मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांत तो अजून आहे. त्यामुळे हिशेब कधी पुरा होत नसे. दिवाळीच्या फराळाचा डबा आला की त्यातून काहीतरी परत जाई, संक्रांतीचा तिळगूळ आला की ईदेला त्याची आठवण ठेवली जाई. नात्याला शेवट नसावा, याची ती साधी व्यवस्था होती.

नान-खलियाची गोष्टही तशीच. दख्खनेत आलेल्या मुहम्मद तुघलकाच्या फौजेशी त्याचे नाते सांगितले जाते. मोठ्या देगीत शिजणारा मटणाचा रस्सा आणि तंदुरातून निघणारी हळदीच्या रंगाची पिवळी नान हा लष्करी स्वयंपाकच म्हणायचा. तो चौघांसाठी होत नाही. देग चढवायची तर शंभर माणसे हवीत आणि शंभर माणसे बोलवायची तर शेजार लागतोच. आज तोच पदार्थ पार्सलच्या डब्यात मिळतो. चव पुष्कळदा चांगली असते. देगीभोवती जागलेली रात्र मात्र पार्सलमध्ये येत नाही.

आठवण काय गाळते

आता दुसरी बाजू. जुन्या मोहल्ल्याच्या आठवणी सांगणारे बहुतेक जण तेव्हा लहान होते, आणि त्यातही मुलगे होते. त्यांना ताट दिसले, ताटामागची चूल दिसली नाही. सहरीसाठी रात्री दोन-तीनला उठून चूल पेटवणारी, दिवसभर रोजा ठेवून पुन्हा दुपारपासून चुलीपुढे बसणारी बाई त्या आठवणींत ‘अम्मीच्या हातची चव’ एवढीच उरते. त्या बाईला ओट्यावर बसायची मुभा नव्हती. तिला विचारले तर ती मोहल्ल्याची आठवण वेगळ्या शब्दांत सांगेल. मिक्सर, गॅस आणि घरात येणारा नळ यांना ती नावे ठेवणार नाही.

ताट कोणाकडे जायचे आणि कोणाकडे नाही, हेही ठरलेले असे. दलित वस्ती गावकुसाबाहेर होती. तिच्याशी ताटांची अशी ये-जा फारशी कुठल्याच धर्माच्या घरांनी ठेवली नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये मिलिंद महाविद्यालय सुरू केले ते याच शहरात, जुन्या तटबंदीच्या बाहेरच्या माळावर. त्या महाविद्यालयाने मराठवाड्यातल्या कित्येक पिढ्या घडवल्या. जुन्या गल्ल्यांमधल्या शेजारधर्माला जे जमले नव्हते, ते त्या माळाने करून दाखवले.

आणि भांडणे नव्हती, असेही नाही. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, त्याच्या आगेमागे मराठवाड्यातल्या गावांनी आधी रझाकारांची आणि नंतर सूडाची भीती पाहिली. १९७८ मध्ये विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रश्नावर दलित वस्त्या जळाल्या. मे २०१८ मध्ये राजाबाजार, शहागंज, मोती कारंजा या जुन्या शहराच्या हृदयातच दंगल झाली आणि माणसे गेली. तेव्हा नळजोडण्यांवरून झालेल्या वादाचेही निमित्त सांगितले गेले. जिथल्या मोहल्ल्याचे नाव कारंजावरून पडले, तिथे पाण्यावरून ठिणगी पडावी, यापेक्षा कडू गोष्ट नाही. मार्च २०२३ मध्ये, रमजानच्या पहिल्याच आठवड्यात, रामनवमीच्या आदल्या रात्री किराडपुऱ्यात गाड्या जळाल्या. हे सगळे वगळून ‘पूर्वी किती छान होते’ म्हणणे म्हणजे अर्धेच सत्य सांगणे. तरुण मुले असल्या गोड गोष्टी ऐकून घेतात, पण त्यांवर विश्वास ठेवत नाहीत; आणि त्यांचे चुकते असे म्हणता येणार नाही.

मग त्या मोहल्ल्यात खरे काय होते? ओळख होती. भांडण झाले तरी ते ओळखीच्या माणसांत होत असे, आणि ओळखीच्या माणसांतल्या भांडणात मध्ये पडणारा कुणीतरी असतो. अफवा आली तर ‘थांब, मी विचारून येतो’ असे म्हणता येत असे, कारण विचारायला दार होते. आज अफवा मोबाइलवर येते आणि ज्याच्याबद्दल ती असते त्याचे दार कुठे आहे, हेच माहीत नसते. जुन्या मोहल्ल्यातली माणसे आजच्यापेक्षा सद्गुणी नव्हती. ती जवळ होती, एवढाच फरक होता आणि तो मोठा होता.

दूर कसे गेलो

ही जवळीक एका दिवसात गेली नाही. शहर वाढले. चिकलठाण्याला, पुढे वाळूजला कारखाने आले. सत्तरच्या दशकापासून सिडकोची नवी वसाहत उभी राहिली. आकड्यांच्या आणि अक्षरांच्या नावांचे सेक्टर झाले. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेबारा लाखांवर गेली होती. जुन्या घरांत भावाभावांच्या वाटण्या झाल्या, खोल्या पुरेनात, गाडी लावायला जागा नाही, गल्लीत रुग्णवाहिका शिरत नाही. मोकळी हवा आणि स्वतःचे दार हवे म्हणून माणसे बाहेर पडली. त्यात गैर काही नव्हते. रस्ते रुंद करताना जुन्या घरांचे दर्शनी भाग गेले आणि त्यांच्याबरोबर ओटेही गेले.

गैर झाले ते पुढच्या टप्प्यावर. बाहेर पडलेली माणसे आपापल्या लोकांत गेली. दर दंगलीनंतर थोडी माणसे इकडून तिकडे गेली, थोडी तिकडून इकडे आली आणि वस्त्या एकरंगी होत गेल्या. आता घर भाड्याने देताना आधी आडनाव विचारले जाते. सोसायटीत ‘शाकाहारी’ हा शब्द कधी जेवणाबद्दल असतो, कधी माणसाबद्दल. मुसलमान वस्त्यांतही ‘आपल्यातलाच भाडेकरू बघा’ असे सांगणारे कमी नाहीत. सुरक्षिततेची भीती दोन्हीकडे खरी असेल, पण तिचा परिणाम एकच झाला. आता पंचविशीच्या आत असलेल्या बऱ्याच मुलांनी दुसऱ्या धर्माच्या शेजाऱ्याचे स्वयंपाकघर आतून पाहिलेले नाही. त्यांच्याकडे मोहल्ल्याची आठवण नाही. पुढे सांगायला त्यांच्याजवळ काय असेल, याची काळजी आजच्या साठी-सत्तरीच्या माणसांनी करायला हवी.

अलीकडच्या काही वर्षांत शहराच्या दरवाजांची डागडुजी झाली, शहागंजच्या घड्याळ मनोऱ्याकडेही लक्ष गेले. ही चांगली गोष्ट आहे. दगड सरळ करायला निधी लागतो, कंत्राटदार लागतो, तो मिळू शकतो. दोन घरांमधली ताटांची ये-जा कुठल्याही निविदेतून पुन्हा सुरू होणार नाही. ती घरांनीच सुरू करावी लागेल.

फुलंब्रीजवळ अजून जे आहे

फुलंब्रीच्या वाचकांना वाटेल, हे शहराचे दुखणे आहे, इथे काय त्याचे? तर फुलंब्रीजवळ आज ते आहे, जे जुन्या शहराने गमावले. एकच बसस्थानक, एकच आठवडी बाजार, त्याच कृषी केंद्रात बियाणे, त्याच दवाखान्यात रांग. मका, कापूस, अद्रक यांच्या भावाची चिंता सगळ्यांना एकाच वेळी लागते. पाऊस लांबला तर मशिदीत पावसाची दुआ होते आणि मंदिरात अभिषेक. बागवानाकडून फळे, मणियाराकडून बांगड्या, पिंजाऱ्याकडून गाद्या, वाण्याकडून किराणा. सणाचे सामान एका जातीच्या दुकानांतून पुरे होतच नाही. इफ्तारच्या दहा मिनिटांत शेजारच्या दुकानदाराने गल्ल्याकडे लक्ष ठेवणे, रोजा असलेल्या मजुराला दुपारनंतर हलके काम देणे, बसमध्ये अजानची वेळ झाली की मागच्या सीटवरून पाण्याची बाटली पुढे येणे, याची लहान गावांत बातमी होत नाही. बातमी होत नाही, हेच त्याचे बळ.

पण शहर जवळ आहे. रस्ता मोठा झाला तसे अंतर कमी झाले आणि शेतांमध्ये प्लॉटिंगचे फलक दिसू लागले. गावठाणातल्या जुन्या गल्लीतून नव्या प्लॉटवर घर बांधायला जाण्याची वेळ आता फुलंब्रीवर येत आहे. जे शहरात पन्नास वर्षांपूर्वी सुरू झाले, ते इथे आज सुरू होत आहे. फरक इतकाच की शहराला पुढे काय होणार हे ठाऊक नव्हते आणि फुलंब्रीला ते चौका घाटाच्या पलीकडे स्पष्ट दिसते. नवा प्लॉट घेताना, विकताना, खोली भाड्याने देताना शेजारी कोण असावा याचा निर्णय प्रत्येक घर स्वतःच्या मनात करते. तो निर्णय खासगी वाटतो. तसे हजार निर्णय एकत्र आले की गावाचा नकाशा बनतो आणि एकदा बनलेला नकाशा पुसायला पिढ्या लागतात.

म्हणून जुन्या मोहल्ल्याची आठवण काढणाऱ्याने तिथेच थांबू नये. रमजानात इफ्तार पार्ट्या होतात. मंडपात पुढाऱ्यांच्या टोप्या, फुलांचे हार आणि छायाचित्रे असतात. त्यांनाही नावे ठेवायचे कारण नाही. एका टेबलावर बसणे न बसण्यापेक्षा बरे. पण पार्टीतला पाहुणा एका संध्याकाळचा असतो. शेजारी वर्षभराचा असतो. पार्टीचे निमंत्रण छापावे लागते, ताट नुसते झाकावे लागते.

करण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. ताट मोठ्यांनी गाडीवरून पोहोचवू नये, मुलाच्या हाती द्यावे. दार त्यानेच वाजवावे, आतल्या माणसाला नात्याने हाक त्यानेच मारावी. त्याला सांगावे की या घरी काय चालते, काय चालत नाही. दिवाळीत, पाडव्याला, आंबेडकर जयंतीला समोरच्या घरच्या मुलानेही तसेच यावे. पूर्वी ज्या दारांकडे ताट जात नसे, त्या दारांकडेही आता जावे. नाहीतर जुन्या मोहल्ल्याची चूकच नव्याने गिरवल्यासारखे होईल. गावातल्या मराठी आणि उर्दू शाळांनी एखाद्या शनिवारी मुलांना एकत्र करून म्हाताऱ्या माणसांकडे पाठवावे आणि त्यांची गल्ली त्यांच्या तोंडून ऐकून लिहायला सांगावे. त्यात आजोबांइतकेच आजीलाही विचारावे. आणि घरमालकाने खोली देताना आधी आडनाव विचारण्याऐवजी भाडे वेळेवर देणार का, एवढेच विचारावे.

हे नवे धर्मकार्य नाही. इस्लामात शेजाऱ्याच्या हक्काची फार ताकीद आहे. शेजारी उपाशी असताना स्वतः पोटभर जेवणाऱ्याचा ईमान पुरा नाही, असे हदीस सांगते. आणि तो शेजारी कोणत्या धर्माचा, अशी अट त्यात नाही. मराठी मुलखाला हा विचार परका नाही. पैठणच्या एकनाथांनी हिंदू-तुर्क संवाद लिहिला, त्यात दोघे आधी कडाकडा भांडतात आणि शेवटी एकमेकांना मिठी मारतात. भांडण लपवून केलेली मिठी ती नव्हे. याच परंपरेचा अभ्यास करणारे डॉ. यू. म. पठाण मराठवाडा विद्यापीठात मराठी शिकवत आणि १९९० मध्ये पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. उर्दूच्या पहिल्या मोठ्या गझलकारांपैकी वली आणि सिराज याच औरंगाबादेचे. या मातीत दोन्ही भाषा एकाच ओट्यावर बसत आल्या आहेत.

दोन सण, एक चंद्र

हिजरी वर्ष चंद्राचे आहे. ते सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून रमजान दरवर्षी तेवढाच अलीकडे सरकतो आणि साधारण ३२-३३ वर्षांनी पुन्हा त्याच ऋतूत येतो. मराठी महिने अधिक मासामुळे ऋतूला धरून राहतात. त्यामुळे काही वर्षे दोन्ही पंचांगांचे सण शेजारी येतात. २००४, २००५ आणि २००६ अशी सलग तीन वर्षे दिवाळी आणि रमजान ईद एकाच आठवड्यात आली. लक्ष्मीपूजन अमावास्येला, आणि त्या अमावास्येनंतर दिसणारी पहिली कोर म्हणजे ईदचा चाँद. भाऊबीज आणि ईद जवळजवळ एकाच कोरीच्या उजेडात साजरी झाली. त्या वर्षी चकली आणि शीरखुर्मा एकाच ताटात आले आणि भांडे रिकामे परत पाठवण्याचा प्रश्नच उरला नाही. गेल्या काही वर्षांत ही पाळी पाडव्याची होती. २०२४ मध्ये गुढीपाडवा ९ एप्रिलला आणि ईद ११ एप्रिलला होती. २०२५ मध्ये ३० मार्चला गुढ्या उभ्या राहिल्या आणि दुसऱ्याच दिवशी ईद झाली.

दिवाळी आणि ईद पुन्हा अशी हातात हात घालून येईल ती २०३७ ते २०३९ या वर्षांत. आज फुलंब्रीच्या एखाद्या गल्लीत सात-आठ वर्षांचे असलेले मूल तेव्हा विशीत असेल. त्याने कदाचित नव्या प्लॉटवर घर घेतले असेल, कदाचित शहरात नोकरी धरली असेल. त्या आठवड्यात कुणाचे तरी दार वाजवावे असे त्याला वाटेल की नाही, ते दार त्याच्या हाकेच्या अंतरावर असेल की नाही, हे चंद्र ठरवणार नाही. या रमजानात त्याच्या हाती झाकलेले ताट दिले जाते का आणि समोरच्या घरातून ते ताट काय घेऊन परत येते, त्यावर ते ठरेल.